निसर्गाचे व्हिडीओ करायचेत? आधी कढीपत्त्याची कुंडी बघा

ज्यांना निसर्गाचे फोटो आणि छोट्या फिल्म करायच्यात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कॅमेरा कोणता घेऊ? मी माझी पहिली फिल्म फोनवर केली, ठाण्यात कोपरीच्या आमच्या गॅलरीत, आणि तिचा विषय होता आईची कढीपत्त्याची कुंडी. म्हणून कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी कुंडीचं सांगते.

झालं असं की आईची तक्रार चालू होती, फोडणीला पानं उरत नाहीत, कोणीतरी कुरतडतंय. बघितलं तर पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं. काडीने काढायला गेले तर ते चालायला लागलं! कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची अळी होती ती. लहान असताना शीटेसारखी दिसते म्हणून पक्षी खात नाहीत, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून दोन लालभडक शिंगं बाहेर काढते, त्यांना उग्र वास येतो. हे सगळं दुसऱ्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली चाललेलं आणि मी इतकी वर्षं तिथेच उभी राहून चहा पित होते. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला तो झालाच.

मग अळीचा कोष झाला. रेशमाचा एक बारीक धागा कमरेला बांधून काडीला टेकून बसते, लोकलमध्ये दाराशी टेकून उभं राहतात ना तशी. साधारण दहा-बारा दिवस काहीच होत नाही आणि नवीन माणूस नेमका इथेच कंटाळतो. मी पण कंटाळले, एका सकाळी दूध घ्यायला खाली गेले आणि वर आले तर रिकामा कोष. खूप वाईट वाटलं. पण त्यातून कळलं की बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोष काळपट पडतो, आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागते, आणि फुलपाखरू बहुतेक वेळा सकाळी निघतं. म्हणजे दहा दिवस पहारा द्यायची गरजच नाही, रोज एक नजर टाकायची आणि रंग बदलला की दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बसायचं.

दुसऱ्या कोषाला बसले, टाइमलॅप्स लावला, दर 5 सेकंदांना एक फोटो. हिशोब सोपा आहे, तासाला 720 फोटो, सेकंदाला 25 फ्रेमने चालवले की साधारण 29 सेकंदांचा व्हिडीओ. पण फुलपाखरू कोष फोडून बाहेर यायला दीड-दोन मिनिटंच घेतं, म्हणजे जेमतेम 24 फ्रेम, एक सेकंदसुद्धा नाही! ज्या क्षणासाठी पहाटे उठले तो डोळा मिटेपर्यंत संपला. तेव्हा हे लक्षात ठेवा, बाहेर येणं साध्या व्हिडीओत घ्यायचं आणि त्यानंतर चुरगळलेले पंख हळूहळू उलगडतात ते टाइमलॅप्समध्ये, दर 2 सेकंदांना एक. फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर मधेच कोणाचातरी फोन येतो आणि शूट तुटतं. फोकस लॉक करा. खिडकीचा उजेड मिळाला तर उत्तम, घरातल्या स्वस्त एलईडीखाली व्हिडीओत पट्टे सरकताना दिसतात कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, डोळ्याला ते कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवला की पट्टे जातात.

तिसऱ्या कोषाच्या वेळी सगळं जमलं. आणि तो व्हिडीओ रात्री लॅपटॉपवर मोठा करून बघितला तेव्हा मला असं काही दिसलं जे समोर बसूनही दिसलं नव्हतं. नुकतंच बाहेर आलेल्या फुलपाखराची सोंड एक नसते, दोन अर्ध्या नळ्या असतात, सुट्या. ते बसल्या बसल्या सोंड गुंडाळतं, सोडतं, परत गुंडाळतं, आणि असं करत त्या दोन अर्ध्यांची मिळून एक नळी होते, जॅकेटची चेन लावावी तशी. मी तो तुकडा किती वेळा बघितला सांगता येणार नाही. आईला उठवून दाखवला, रात्रीचे साडेबारा वाजलेले, ती चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे रोज होतं आपल्याकडे?"

त्या एका प्रश्नासाठी मी अजून हे काम करते.

घरात हात बसला की बाहेर पडा, पण एकच जागा पकडा. दर रविवारी नवीन ठिकाणी जाऊन फोटो मिळतील, फिल्म मिळणार नाही, कारण फिल्मला काहीतरी बदलताना दिसावं लागतं आणि बदल एका फेरीत दिसत नाही. मी ऐरोलीची खाडी पकडली, ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने जवळच आहे. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं आणि 2022 मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात, त्यांची वेळ भरतीवर ठरते, तेव्हा आधी चौकशी करून जा.

भरती-ओहोटी कळल्याशिवाय खाडीत शूट होत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा फ्लेमिंगो तिथे चरतात, भरती आली की उडून नेरूळच्या तळ्यांकडे, टीएस चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या बाजूला वगैरे जातात. सुरुवातीला माझ्या तीन फेऱ्या फुकट गेल्या, नुसतं पाणीच पाणी. मग किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या एका कोळी काकांनी शिकवलं, "आज अष्टमी ना बाय, मंग आठाची पाऊनपट कर, सहा. सहाला भरती." म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते, खाडीत आत पाणी शिरायला अजून थोडा उशीर लागतो, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मी घरी येऊन कालनिर्णय घेऊन बसले. अष्टमीला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, दुपारी बारा वाजता, उजेड अगदी वाईट. पण पौर्णिमा-अमावास्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुकती सकाळी साडेसात-आठला येते, कोवळं ऊन आणि उघडा चिखल दोन्ही एकदम. तेव्हापासून माझ्या सुट्ट्या तिथीवर ठरतात.

आणि गंमत म्हणजे फ्लेमिंगोसाठी गेलेली मी निवटीवर अडकले. चिखलावर उड्या मारणारा मासा, आपल्याकडे लोक कालवण करून खातात तोच. गालात पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतून पण श्वास घेतो, डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत चिखलावरचं शेवाळ खरवडतो, आणि डोळे सुकायला लागले की ते खाली खोबणीत ओढून ओले करून परत वर काढतो. हे स्लो मोशनमध्ये घ्या, सेकंदाला 240 फ्रेम, आठपट हळू चालवा. काकांना फोनवर दाखवलं तर म्हणाले जन्मभर पकडला पण डोळे मिचकावतो हे बघितलं नव्हतं, आणि फोन घेऊन घरात सगळ्यांना दाखवायला गेले.

शूट करताना प्रत्येक गोष्ट तीनदा घ्यायची, लांबून, मधून, जवळून, आणि प्रत्येक वेळी मनात दहा मोजेपर्यंत हात हलवायचा नाही. आवाज वेगळा रेकॉर्ड करा, सुकतीला चिखलातून बारीक फुटफुट आवाज येत असतो तो कुठल्याही स्टॉक म्युझिकपेक्षा भारी आहे. एडिटिंगला डाविंची रिझॉल्वची फुकट आवृत्ती पुरते. माझी पहिली फिल्म सात मिनिटांची होती, अडीच मिनिटांवर आणली तेव्हा लोकांनी शेवटपर्यंत बघितली. दिसलेल्या जीवाचं नाव माहीत नसेल तर फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, जाणकार ओळखून देतात. नीट शिकायचं असेल तर बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, पक्षी आणि वनस्पतींचे कोर्स आहेत, 1883 पासूनची संस्था आहे ती.

पैशाचं पण विचारतात. माझी अकाउंट्सची नोकरी अजून चालू आहे, फिल्ममधून येतं ते शाळांच्या वर्कशॉपमधून आणि संस्थांसाठी केलेल्या छोट्या व्हिडीओंमधून, त्यावर घर चालत नाही पण लेन्सचा हप्ता निघतो. एकदा एका जाहिरात करणाऱ्यांनी सांगितलं की फुलपाखरू थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव, गार पडलं की हलत नाही, शॉट पटकन मिळेल. मी नाही म्हटलं, काम गेलं, पैसे चांगले होते. तुम्हालाही कोणीतरी असं सांगेल, कोणी फ्लेमिंगो उडावेत म्हणून दगड मारेल, कोणी घरट्यासमोरची फांदी बाजूला करेल. त्या पिल्लाला सावली होती ती फांदी. मला हे बघून अजून राग येतो आणि मी तिथल्या तिथे बोलते. अभयारण्याच्या हद्दीत शूट करायचं असेल, ड्रोन तर नक्कीच, तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

आत्ता कुंडीत दोन कोष आहेत, एक आज संध्याकाळपासून काळपट पडलाय. फोन चार्जिंगला आहे, ट्रायपॉड गॅलरीत लावून ठेवलाय, आणि उद्या दूध आई आणणार आहे.