कंपनीचे मेल स्पॅममध्ये जातायत? मजकूर नंतर, आधी डीएनएस बघा

कोटेशन, बिल, पेमेंटची आठवण असले मेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडायला लागले की लोक आधी मजकूर बदलत बसतात, फ्री शब्द काढ, लिंक काढ, लोगो काढ. ते नंतर हो. मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे समोरच्या सर्व्हरला पटतंय का ते आधी बघा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो, म्हणजे डीएनएसमध्ये, तुमच्या डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये.

एखाद्या जीमेल पत्त्यावर मेल पाठवा आणि तीन ठिपके दाबून 'शो ओरिजिनल' उघडा. मेल खरा आहे का ते बघणाऱ्या तीन तपासण्या तिथे दिसतात, एसपीएफ, डीकिम, डीमार्क, तिन्हींपुढे पास हवं.

एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी, डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) म्हणून टाकायची. वेबसाईटवाल्याने एक टाकलेलं असतं, मग मेलवाला येऊन दुसरं टाकतो, आणि एका डोमेनला दोन एसपीएफ झाले की दोन्ही बाद. एकच ठेवा, सगळे सर्व्हर त्यातच घाला, आणि इन्क्लूड (दुसऱ्याची यादी जोडणं) वगैरे धरून लुकअप, म्हणजे तपासताना डीएनएसला विचारावे लागणारे प्रश्न, १० च्या वर जाऊ देऊ नका.

डीकिम ही सर्व्हरने प्रत्येक मेलवर केलेली सही. ती तपासायची की, म्हणजे किल्ली, डीएनएसमध्ये टाकायची. २०४८ बिटची घ्या, पण ती २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, काही पॅनेलमध्ये तोडून टाकावी लागते, कॉपी-पेस्टमध्ये शेवट कापला गेला की फेलच येणार.

डीमार्क म्हणजे फ्रॉममधल्या डोमेनशी एसपीएफ किंवा डीकिम जुळलं नाही तर मेलचं काय करायचं ते सांगणारा नियम. त्याला घाई करू नका. सुरुवातीला पॉलिसी नन (काहीच करू नका) आणि रिपोर्टसाठी पत्ता एवढंच. रिपोर्टमधून कळतं की बिलिंग सॉफ्टवेअर, न्यूजलेटरवाला, वेबसाईटचा फॉर्म, कोण कोण तुमच्या नावाने पाठवतंय, ते सगळे पास व्हायला लागले की क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट (घेऊच नका). थेट रिजेक्ट लावलंत तर तुमचीच बिलं परत येतील, प्लीज असं करू नका. आणि तो फॉर्म नक्की बघा, भरणाऱ्याचा जीमेल पत्ता फ्रॉममध्ये टाकून तुमच्या सर्व्हरवरून मेल गेला की डीमार्क फेल. फ्रॉममध्ये स्वतःचं डोमेन ठेवा, त्याचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये.

स्वतःचा सर्व्हर असेल तर रिव्हर्स डीएनएस हवंच, आयपी म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, त्यावरून नाव आणि त्या नावावरून परत तोच आयपी मिळायला हवा. ते डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधत बसू नका, ज्याने आयपी दिलाय त्यालाच सांगावं लागतं. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी) चालू असेल तर त्यालाही.

स्पॅमहाउससारख्या ब्लॅकलिस्टवर आयपी सापडला तर लगेच काढायची विनंती टाकू नका, कोणाचा पासवर्ड फुटून तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम जातोय का ते आधी शोधा, नाहीतर परत लिस्टमध्ये जाल.

दिवसाला ५,००० च्या वर मेल जीमेलला जात असतील तर फेब्रुवारी २०२४ पासून डीमार्क सक्तीचं आहे, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब लागतं आणि स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात, गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसतात त्या. विकत घेतलेल्या यादीवर पाठवलं की हा आकडा चढतोच. म्हणून ऑफर आणि न्यूजलेटर वेगळ्या सबडोमेनवरून आणि जमलं तर वेगळ्या आयपीवरून पाठवा, म्हणजे त्यांच्या तक्रारींचा फटका बिलांना कमी बसतो.