कासान चाचणीचा पॅच कसा तपासावा

कासान हे लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) मेमरीच्या चुका पकडणारे साधन २०१५ मध्ये, ४.० आवृत्तीत आले. त्याच्या चाचण्या मुद्दाम चूक करतात आणि ती पकडली गेली का, एवढेच पाहतात. त्यामुळे अशा चाचणीच्या पॅचचा (कोडमध्ये सुचवलेल्या बदलाचा) रिव्ह्यू करताना प्रश्न एकच: उद्या कासानच बिघडले, तर ही चाचणी नापास होईल का?

१. आधी मोड बघा. कासानचे तीन मोड आहेत आणि प्रत्येक मोड मेमरी ठराविक आकाराच्या तुकड्यांत, म्हणजे कणांत, तपासतो. जेनेरिक मोड ८ बाइटच्या कणावर चालतो आणि अर्धवट भरलेल्या कणातली चूकही पकडतो. सॉफ्टवेअर टॅग आणि हार्डवेअर टॅग हे मोड पॉइंटरवरची खूण (टॅग) मेमरीच्या खुणेशी जुळते का ते पाहतात; त्यांत कण १६ बाइटचा असतो आणि त्याच्या आत काहीच दिसत नाही. समजा १०७ बाइट मागितले, म्हणजे वैध अनुक्रमांक ० ते १०६. अनुक्रमांक १०७ वरचे लिखाण टॅग मोडमध्ये निसटते, कारण तो बाइट वैध डेटाच्याच कणात बसतो. अनुक्रमांक ११२ ला पुढचा कण सुरू होतो, तिथे चूक सापडते. १०७ वरची तपासणी फक्त जेनेरिकपुरती ठेवली आहे का, ते पाहा. शिवाय ११२ हा कर्नलने प्रत्यक्षात दिलेल्या १२८ बाइटच्या स्लॅब-खणाच्या आतच आहे, म्हणून चूक निसटली तरी शेजारच्या ऑब्जेक्टला धक्का लागत नाही. हे फार महत्त्वाचे. बेफिकीर मेमसेट (मेमरीचा पट्टा एकाच मूल्याने भरणारे फंक्शन) असलेली चाचणी कर्नलच पाडू शकते आणि मग पुढच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल निरुपयोगी होतात.

२. कम्पायलर चुकीचे लिखाण गाळून टाकत नाही ना? पॉइंटर किंवा आकार 'ऑप्टिमायझर हाइड व्हार' (कम्पायलरपासून मूल्य लपवणारा मॅक्रो) मधून गेलेला असावा, वाचन व्होलाटाइल, म्हणजे कम्पायलरला गाळता न येणारे, असावे.

३. 'एक्स्पेक्ट कासान फेल' या, चूक पकडली गेली का ते पाहणाऱ्या मॅक्रोत एका वेळी एकच चूक हवी. दोन घातल्या तर पहिली पकडताच मॅक्रो समाधानी होतो आणि दुसरी निसटली तरी कळत नाही. हार्डवेअर मोडमध्ये तर पहिल्या दोषानंतर टॅगतपासणी बंद होते. मॅक्रो ती नंतर पुन्हा चालू करतो.

४. मोकळ्या केलेल्या मेमरीच्या वापराची चाचणी असेल, तर टॅगचा योगायोग लक्षात घ्या. जेनेरिक मोड मोकळी मेमरी काही काळ विलगीकरणात ठेवतो, टॅग मोड ठेवत नाहीत. नव्या वाटपाला तोच पत्ता आणि तोच टॅग मिळाला, तर चूक दिसणारच नाही. जुन्या चाचणीत अशा वेळी १६ पर्यंत पुन्हा प्रयत्न केले आहेत. नव्या पॅचमध्येही तशी सोय मागा.

५. आता चाचणी मुद्दाम नापास करा. चुकीचा अनुक्रमांक वैध करून पुन्हा चालवा. 'चूक अपेक्षित होती, पण घडली नाही' अशा अर्थाचा संदेश आलाच पाहिजे. चाचणी तरीही पास झाली, तर पॅच परत पाठवा.

६. शेवटी तिन्ही मोडमध्ये चालवा. हार्डवेअर टॅगसाठी एमटीई (प्रोसेसरमधली मेमरी-टॅगची सोय) असलेला आर्म६४ प्रोसेसर लागतो. तो नसेल तर क्यूएमू या एम्युलेटरच्या 'व्हर्ट' नावाच्या आभासी मशीनवर एमटीई चालू करून भागते. एखादा मोड चालवलाच नसेल, तर रिव्ह्यूच्या उत्तरात तसे स्पष्ट लिहा.