कुत्र्याचा दात नुसता लागलाय आणि रेबीजची भीती डोक्यातून जाईना, तर काय करायचं

सांगली असो नाहीतर सातारा, पहाटे दूध घालायला निघालेला, एमआयडीसीतनं सेकंड शिफ्ट सुटून गाडीवर घरी येणारा, क्लासला सायकलवर जाणारं पोरगं, सगळ्यांच्या मागं कधी ना कधी कुत्रं लागतंच. बऱ्याचदा पँटला दात लागतात, पोटरीवर एखादा लाल ओरखडा उठतो, रक्तसुद्धा येत नाही. दिवसभर माणूस कामात असतो तोवर काही वाटत नाही, पण रात्री अंथरुणावर पडलं की डोकं सुरू होतं, मग मोबाइल काढायचा, रेबीज शोधायचं, पाण्याचा ग्लास बघून थरथरणाऱ्या पेशंटचा व्हिडिओ बघायचा आणि झोप गेली ती गेली. ज्यांचं असं झालंय किंवा घरात कुणाचं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ही भीती वेडेपणाची नाही, आधी हे समजून घ्या. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पण तितकंच खरं हेही आहे की लक्षणं दिसायच्या आधी जखम नीट धुतली आणि लस, गरज असेल तर सिरम (विषाणूशी लढणाऱ्या तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन), वेळेत आणि पूर्ण घेतलं तर हा आजार टळतो. म्हणून चावल्यावर विचार करत बसण्यात अर्थ नाही, कामं आहेत ती एकामागोमाग करून टाकायची.

पहिलं काम पाण्याचं. नळाखाली, मोटरीच्या पाइपखाली, जिथं वाहतं पाणी मिळेल तिथं जखम धरायची आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे खरंच घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांतच आपल्याला झालं असं वाटायला लागतं. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, काहीही चालतो. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणानं ते फुटतं, म्हणून या साध्या कामाला इतकं महत्त्व आहे. नंतर बेटाडीन किंवा डेटॉल असेल तर लावा. पट्टी घट्ट बांधू नका आणि टाके लगेच घालायचा आग्रह धरू नका, डॉक्टर ठरवतील ते.

आणि आपल्याकडं जे हमखास होतं ते करू नका. घरातलं मोठं माणूस मायेनं म्हणतं, आधी चटणी भर, विष उतरतं. चटणी, हळद, चुना, तंबाखू, रॉकेल, काहीच लावायचं नाही, आधीच लावलं असेल तर तेही धुवून काढायचं. चटणीनं जखम आणखी चिघळते आणि विषाणू आत जायला वाटच मिळते. आजीशी भांडू नका, पण तिचं ऐकूही नका.

आता लहान जखमेचा प्रश्न, कारण घोळ इथंच होतो. जखम केवढी आहे यावर जाऊ नका, कातडी फाटली का आणि तिथं लाळ लागली का, हे बघा. डॉक्टर याचे तीन गट करतात. कुत्र्याला हात लावला, भाकरी घातली, धडधाकट कातडीवर त्यानं चाटलं, तर तो पहिला गट, धुवून टाका, लस लागत नाही. उघड्या कातडीला दात नुसते घासले किंवा खरचटलं पण रक्त नाही, तर दुसरा, इथं लस लागते. दात आत गेला, रक्त आलं, जुन्या जखमेवर किंवा डोळ्यात तोंडात लाळ गेली, तर तिसरा, इथं लसीबरोबर सिरमही लागतं. सुईच्या टोकाएवढं एकच भोक पडलं तरी ते तिसऱ्यात जातं! ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू आहेत, त्यांनी आपल्या खरचटण्याला किरकोळ समजूच नये आणि डॉक्टरांना ते आधी सांगावं. रक्त आलं होतं का नव्हतं हे नीट आठवत नसेल तर स्वतःच निकाल लावू नका, दाखवून या.

दाखवायचं कुठं? सांगलीत सिव्हिल, मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडला उपजिल्हा रुग्णालय, आणि गावाकडं असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. गावातल्या केंद्रावर त्या वेळी सिरम नसलं तर वाट बघत बसू नका, तिथं पहिली लस टोचून घ्या आणि सिरमसाठी मोठ्या दवाखान्यात जा. रविवार आहे, उद्या बघू, असं करू नका, कॅज्युअल्टी उघडी असते. केसपेपर काढताना कुत्रं चावलंय हे मोठ्यानं सांगा, लाजायचं काय त्यात. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं तेही सांगा, तेही लागू शकतं.

पोटात चौदा इंजेक्शनं ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती जुनी लस भारतात केव्हाच बंद झाली. आता दंडात टोचतात, लहान पोरांना मांडीत, कमरेत टोचायची नसते. सरकारी दवाखान्यात बहुतेक करून कातडीत देतात, दोन्ही दंडांवर थोडी थोडी, तिथं छोटी फुगी येते, आणि असे चार दिवस असतात, ० ३ ७ आणि २८. पहिली लस टोचली तो दिवस शून्य. म्हणजे सोमवारी सुरू केली तर मग गुरुवारी, मग पुढच्या सोमवारी, आणि शेवटची सुरुवातीपासून चार आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी. खाजगीत स्नायूत देतात तेव्हा पाच असतात, मध्ये १४ वा दिवस वाढतो. एखादी तारीख चुकली तर कोर्स वाया गेला म्हणून सोडून देऊ नका, लगेच जाऊन राहिलेली घ्या, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

सिरमचं जरा समजून घ्या, कारण ते दुखतं म्हणून लोक टाळतात. लस टोचल्यावर आपल्या शरीराला स्वतःची ताकद तयार करायला आठवडा दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात विषाणू जखमेत पडून राहिला तर नसेत, म्हणजे मज्जातंतूत, शिरू शकतो आणि तिथनं मेंदूकडं जातो. सिरममध्ये तयार अँटीबॉडी असतात आणि त्या जखमेतच टोचतात, म्हणजे विषाणूला तिथंच गाठतात. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटचं रेबिशिल्ड हे इंजेक्शनही अशाच कामाचं. पहिल्याच दिवशी मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत मिळवायचंच. चेहरा, मान, हाताची बोटं इथं चावलं असेल तर एक तासही घालवू नका, तिथं नसांचं जाळं दाट असतं आणि चेहऱ्या-मानेपासून डोकंही जवळ.

मग कुत्र्याकडं बघायचं. कुत्रं ओळखीचं असेल, गल्लीतलं किंवा पाळलेलं, तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. विषाणू आधी कुत्र्याच्या मेंदूत जातो आणि तिथनं लाळेत उतरतो, आणि लाळेत आल्यावर ते कुत्रं थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतं. म्हणून चावल्यापासून दहा दिवस ते ठणठणीत असेल तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे पक्कं. पुढचे डोस थांबवायचे का ते तेव्हा डॉक्टरांना विचारायचं. पण दहा दिवस बघून मग लस सुरू करू, हा शहाणपणा करू नका! लस आधी, कुत्र्याची पहारेदारी नंतर. त्याला मारून टाकायचं नाही, मारलं तर बघणार कुणाला? शेजाऱ्यांना सांगून ठेवा, त्याला भाकरी घालणारा कुणीतरी असतोच, त्याला विचारा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी आपली लस टाळायची नाही. आणि हा दहा दिवसांचा नियम कुत्र्या-मांजरापुरताच आहे. यवतेश्वरला किंवा सज्जनगडावर माकडानं ओरबाडलं तर माकडावर कुठं लक्ष ठेवणार, तिथं सरळ पूर्ण कोर्स. घरातल्या उंदरानं कुरतडलं तर सहसा रेबीजची लस लागत नाही.

ऊसतोडीच्या काळात एक गोष्ट फार बघायला मिळते आणि मला तिची खरंच काळजी वाटते. फडाकडंच्या झोपड्यांत लहान पोरं दिवसभर कुत्र्यांबरोबर खेळतात, एखाद्याला चावतं, दोन डोस होतात आणि टोळी दुसऱ्या गावाला जाते, २८ व्या दिवसाचं राहूनच जातं. तुमच्या रानात टोळी असेल तर त्या आईबापाला सांगा की लसीचं कार्ड जपून ठेवा, पुढच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवलं की पुढचा डोस मिळतो. आणि आपली पोरं सुद्धा ओरडा बसेल म्हणून चावलेलं लपवतात, तेव्हा कुत्र्याच्या अंगाशी का गेलास म्हणून पहिल्यांदा रागावू नका.

हे सगळं झालं, तरी भीती राहते. याचं काय करायचं? पहिलं म्हणजे लसीनंतर दंड दुखतो, खाजतो, बारीक ताप येतो, अंग मोडून येतं, डोकं दुखतं, ही लसीची नेहमीची लक्षणं आहेत, रेबीज सुरू झालेला नाही. काळजीनं घशात गोळा आल्यासारखं होतं, छातीत धडधडतं, आणि माणूस त्याला रेबीजमधली पाण्याची भीती समजतो. दर तासाला ग्लासभर पाणी पिऊन स्वतःची परीक्षा घेणारे लोक असतात. ते बंद करा, प्रत्येक वेळी परीक्षा घेतली की पाच मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा शंका येते, शंका संपत नाही, वाढते. व्हिडिओ बघायचेही बंद. जे विचारायचंय ते कागदावर लिहा आणि पुढच्या डोसला जाल तेव्हा एकदाच विचारा, किंवा आरोग्य विभागाच्या १०४ वर फोन करा.

काही शंका तर इथंच मिटवून टाकतो. कुत्रं नुसतं अंगावर भुंकलं, जवळून गेलं, तर रेबीज होत नाही. चपलेला किंवा फरशीला लागलेली लाळ वाळली की त्यातला विषाणू टिकत नाही. म्हैस पिसाळली आणि तिचं दूध उकळून प्यालं असेल तर घाबरायचं कारण नाही, पण न उकळलेलं दूध पिऊ नका आणि तिच्या तोंडात हात घातला असेल, लाळ जखमेवर लागली असेल, तर ते मात्र डॉक्टरांना सांगा. पथ्य काही नाही, अंडी मटण खा, आंघोळ करा, कामावर जा. गरोदर आणि बाळंतीण बायकांनाही लस चालते, टाळायची नाही.

इतकं करूनही दोन-तीन आठवड्यांनी झोप येत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, रोज तेच विचार फिरत असतील, तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. मनाचा डॉक्टर म्हटलं की आपल्याकडं लोक मागं सरतात, पण दंडाला लस घेतली तसंच हेही घ्यायचं औषध आहे. घरच्यांनी त्या माणसाला किती भितोस म्हणून हसू नये, त्यानं तो आणखी आत कोंडतो, त्यापेक्षा पुढच्या डोसला त्याच्याबरोबर जावं.

आणि सगळे डोस झाले की कार्डाचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढं कधी परत कुत्रं चावलं तर ज्याचा कोर्स पूर्ण झालाय त्याला फक्त दोन डोस लागतात, ० आणि ३ या दिवशीचे, सिरम लागत नाही. जखम धुणं मात्र तेव्हाही पंधरा मिनिटंच. कार्ड सापडलं नाही तर डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून द्यावं लागू शकतं, म्हणून तो फोटो आजच काढा.