जर्सीत जुनं घर घेताय? आधी खिडकी वर सरकवून बघा

न्यू जर्सीत घर शोधताना आपले लोक काय काय विचारतात, शाळेचं रेटिंग किती, ट्रेन स्टेशन किती लांब, देसी ग्रोसरी जवळ आहे का. घर कुठल्या सालचं आहे हे मात्र फार कमी जण विचारतात, आणि घरात रांगणारं बाळ असेल किंवा येणार असेल तर पहिला प्रश्न तोच हवा. अमेरिकेत घराच्या रंगात विषारी शिसं, म्हणजे लेड, वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीचं घर असेल तर लेड पेंट असू शकतं असं धरूनच चालायचं. ईपीए म्हणजे इथली सरकारी पर्यावरण संस्था, तिच्या आकड्यांप्रमाणे १९४० आधीच्या शंभरातल्या ८७ घरांत लेड पेंट आहे, १९४० ते ५९ मधल्या ६९ घरांत आणि १९६० ते ७७ मधल्या २४ घरांत. म्हणजे जर्सी सिटी-नेवर्कची जुनी लाकडी घरं वेगळी आणि एडिसनकडची साठ-सत्तरच्या दशकातली घरं वेगळी, सगळ्यांना एकच भीती लावायची गरज नाहीये. साल लिस्टिंगमध्ये असतंच, पण खात्री करायची तर टाउनच्या टॅक्स रेकॉर्डमध्ये बघा.

आता मुख्य मुद्दा. भिंतीवर शिशाचा रंग आहे एवढ्यानेच काही होत नाही, तो नीट चिकटलेला असेल आणि कोणी खरवडत नसेल तर वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. त्रास होतो धुळीचा. रंग घासला गेला, सुटला की डोळ्यांना धड दिसतही नाही अशी बारीक धूळ फरशीवर बसते, बाळ त्यात हात टेकत फिरतं आणि तोच हात तोंडात जातो. म्हणून घर बघायला गेलात की "इथे लेड आहे का" यापेक्षा "इथे रंगाची धूळ कुठे तयार होतेय" हे शोधायचं.

आणि ती सगळ्यात जास्त तयार होते खिडकीत. इथल्या जुन्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, प्रत्येक वेळी उघडताना लाकडावर लाकूड घासतं. तर खालची काच वर सरकवा आणि आतली चौकट आणि बाहेरची जाळी यांच्या मधे जी पन्हळ असते तिच्यात वाकून बघा, फोनचा टॉर्च लावा. पांढरट भुकटी, नखाएवढे रंगाचे पापुद्रे, मेलेल्या माश्या असं काहीतरी साचलेलं दिसेल, आणि बाकी घर कितीही चकचकीत केलेलं असलं तरी ही पन्हळ पुसायचं कोणालाच सुचलेलं नसतं. एजंट बाजूला उभा असला तरी संकोच करू नका, बघा.

त्यानंतर दरवाजे, जे चौकटीला घासतात ते. जिन्याच्या पायऱ्या, कठडा, पोर्च. जिथे छत किंवा भिंत ओल धरून फुगलीये ती जागा. जुना तेलाचा रंग मगरीच्या पाठीसारखा चौकोनी भेगा पडून तडकतो, तसं दिसलं तर बहुतेक जुना थर वर आलाय असं समजा. बाहेर आलात की भिंतीला लागून जी उघडी माती असते तिच्याकडे बघा, बाहेरचा रंग पावसाने झडून तिथेच पडतो. घर भाड्याने देण्याआधी घाईघाईत नवीन रंग मारलेला असेल तर खूश व्हायचं कारण नाही, खालचा सुटा थर न काढता वरून मारलेला रंग खालच्यासकट निघतो.

डोळ्यांनी एवढंच कळतं, पुढे टेस्ट लागते आणि इथे बरेच जण गोंधळतात. घर विकत घेताना जो नेहमीचा होम इन्स्पेक्टर येतो तो छप्पर, फर्नेस, वायरिंग बघतो, लेड त्याच्या पॅकेजमध्ये सहसा नसतंच. लेडसाठी सर्टिफाइड माणूस वेगळा बोलवावा लागतो आणि त्याच्याकडे दोन वेगळी कामं असतात. लेड इन्स्पेक्शन म्हणजे एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं मशीन प्रत्येक खोलीतल्या प्रत्येक प्रकारच्या पृष्ठभागाला लावून रंगात शिसं आहे की नाही ते बघणं, चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा जास्त आलं की तो कायद्याने लेड पेंट. रिस्क असेसमेंट म्हणजे त्यातलं काय आज धोकादायक आहे ते ठरवणं: सुटलेला रंग, धुळीचे नमुने, मातीचे नमुने, घरात मुलं कुठे खेळतात-झोपतात याची चौकशी, आणि शेवटी काय करायचं याचा रिपोर्ट. माझं मत विचाराल तर भाड्याच्या घरात रिस्क असेसमेंट पुरते, कारण भिंती तुम्ही तोडणार नाही आहात, आणि विकत घेऊन पुढे किचन-बाथरूम फोडायचं डोक्यात असेल तर दोन्ही एकत्र करून घ्या. विकत घेताना फेडरल कायद्याने तुम्हाला या तपासणीसाठी दहा दिवस मिळतात. विक्रेत्याने किंवा मालकाने त्याला जे माहीत आहे ते लिहून द्यायचं आणि ईपीएचं पत्रक हातात द्यायचं हेही त्याच कायद्यात आहे. त्या फॉर्मवर "मला माहिती नाही" वर टिक असते बहुतेक वेळा. त्याचा अर्थ कोणी तपासलं नाही, लेड नाही असा नव्हे.

भाडेकरूंसाठी न्यू जर्सीत आणखी एक कायदा आहे, जुलै २०२२ पासून लागू. १९७८ आधीच्या भाड्याच्या घरांची दर तीन वर्षांनी किंवा भाडेकरू बदलताना तपासणी व्हायला हवी आणि पास झालं तर दोन वर्षांचं लेड-सेफ सर्टिफिकेट मिळतं, ते लीजला जोडून द्यायचं असतं. तेव्हा सही करण्याआधी ते मागा. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ज्या टाउनमध्ये रक्तात शिसं जास्त निघालेली मुलं ३ टक्क्यांपेक्षा कमी आहेत तिथे नुसतं डोळ्यांनी बघून पास करतात, बाकीच्या ठिकाणी धूळ पुसून लॅबला पाठवतात, तुमच्याकडे कुठली झाली ते विचारा. दुसरं, तीन किंवा जास्त युनिटच्या ज्या बिल्डिंग राज्याकडे दहा वर्षं रजिस्टर आहेत आणि लेडची तक्रार बाकी नाही त्यांना सूट आहे, म्हणजे मोठ्या बिल्डिंगचा मालक म्हणाला "आम्हाला लागू नाही" तर तो खोटं बोलतोय असं नाही, फक्त या कायद्याखाली तुमच्या खिडक्या कोणी तपासलेल्या नसतील.

स्वतः करायचं असेल तर धुळीची वाइप टेस्ट करा. लॅबकडून किट मागवायचं, लॅब ईपीएच्या मान्यतेची हवी. फरशीवर टेपने एक फूट बाय एक फूट चौकोन आखायचा, ग्लोव्ह घालून वाइप आडवी नागमोडी फिरवायची, घडी घालून उभी फिरवायची, परत घडी घालून कोपरे पुसायचे, नळीत टाकून झाकण लावायचं. बाळ खेळतं ती फरशी, त्याच्या खोलीतलं खिडकीचं सिल (आतल्या बाजूची खालची फळी) आणि पन्हळ, एवढे नमुने तरी घ्याच. घर झाडून-पुसून लख्ख करून मग नमुना घेऊ नका, त्यात काय कळणार. ईपीएने २०२४ मध्ये नियम कडक केले, आता लॅबला मोजता येईल एवढं शिसं निघालं तरी तो धोका धरतात, आणि साफसफाईनंतर फरशीवर चौरस फुटाला ५, सिलवर ४० आणि पन्हळीत १०० मायक्रोग्रॅमच्या खाली यावंच लागतं. दुकानात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्या मात्र वरवर घासून उपयोग नाही, शिसं खालच्या थरात असतं, कापून सगळे थर उघडे करावे लागतात, आणि तरी उत्तर चुकू शकतं.

पाण्याचं थोडक्यात. तळघरात जिथून मुख्य पाइप आत येतो तिथे किल्लीने हलकं खरवडा, चांदीसारखी चमक आली आणि मॅग्नेट चिकटला नाही तर पाइप शिशाचा. नेवर्कने असे साधारण २३ हजार पाइप बदलून टाकले, बाकी राज्यात २०३१ पर्यंतची मुदत आहे. पाणी उकळून शिसं जात नाही, फिल्टर घ्यायचा तर एनएसएफ ५३ (फिल्टरचं एक प्रमाणपत्र) आणि लेडसाठी असं स्पष्ट लिहिलेला घ्या.

आता आपल्या घरापुरतं. रिस्क असेसमेंट करणारा चौकशी करताना मसाले, औषधं, सौंदर्यप्रसाधनं विचारतो तेव्हा लाजू नका, सांगा. इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इथल्या देसी दुकानांतले आणि मुंबई-दिल्लीचे मिळून ११८ सिंदूर तपासले, त्यात इथल्या १९ टक्क्यांत आणि भारतातल्या ४३ टक्क्यांत एफडीएच्या (अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या) मर्यादेपेक्षा जास्त शिसं होतं. गावाहून आलेली सुटी हळद, बाळाचं काजळ, भस्मवाली औषधं, हेही यादीत घ्या, नाहीतर भिंती खरवडत बसाल आणि कारण डब्यात असेल. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय मात्र इथे कामाची, बाहेरची माती आत येत नाही.

धोका किती हे ठरवताना मी असा क्रम लावेन: घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई आहे का, मग रंग सुटतोय का, मग तो घासणाऱ्या जागेवर आहे का, आणि शेवटी शिसं किती. पहिल्या तिन्हीला हो असेल तर रिपोर्टची वाट न बघता पाळणा आणि खेळणी त्या खिडकीपासून हलवा, पन्हळ ओल्या पेपर टॉवेलने पुसून टॉवेल पिशवीत बांधून टाका, कोरडा झाडू अजिबात नको, साध्या व्हॅक्यूमनेही धूळ उडते, अगदी बारीक धूळ पकडणाऱ्या हेपा फिल्टरचा हवा. सँडपेपर मारायला कोणालाही देऊ नका, हौशी नवऱ्यालाही. खिडक्या बदलायच्या असतील किंवा आत एका खोलीत सहा चौरस फुटांपेक्षा जास्त रंग काढायचा असेल तर ईपीए सर्टिफाइड कॉन्ट्रॅक्टरच लागतो, कोट मागतानाच सर्टिफिकेटचा फोटो मागा.

आणि मुलाची रक्ततपासणी. न्यू जर्सीत एक आणि दोन वर्षांच्या वयात ती करायचीच असते, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. बोट टोचून शिसं ३.५ (डेसिलिटर रक्ताला मायक्रोग्रॅम) किंवा जास्त आलं तर घाबरून जाऊ नका, बोटावरच्या धुळीनेही आकडा वाढतो, शिरेतून रक्त घेऊन परत बघतात. तोही तसाच आला तर तो रिपोर्ट घेऊन टाउनच्या हेल्थ डिपार्टमेंटला फोन करा आणि मालकाला ईमेलच करा, तोंडी नको.