आध्यात्मिक शिस्त लावताय? या चुका टाळा

नवं वर्ष लागलं किंवा एखादं शिबिर झालं की चर्चच्या मंडळीतले तरुण भारावून जातात. पहाटे चारला उठणार, तासभर प्रार्थना करणार, वर्षात अख्खं बायबल वाचणार! महिनाभरात सगळं बंद. बायबल अभ्यासाचा गट चालवताना दरवर्षी हेच बघतोय, म्हणून स्पष्टच लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका दमात सगळं अंगावर घेणं. बायबलची 66 पुस्तकं, 1189 अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात. उत्पत्ती आणि अर्धं निर्गम, म्हणजे पहिली दोन पुस्तकं, भराभर वाचून होतात. मग निवासमंडपाची, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूची, मापं येतात, पाठोपाठ लेवीय पुस्तकातले होमार्पणाचे नियम, आणि तिथेच गाडी अडते. आमच्या गटातल्या एका मुलाचे असेच दोन दिवस चुकले. भरपाई म्हणून शनिवारी रात्री जागून त्याने दहा-बारा अध्याय उरकले. पुढच्या आठवड्यात आणखी चुकले. चुकलेल्या अध्यायांची त्याने वहीत यादी केली होती: तारीख, अध्याय, पुढे रिकामा चौकोन. यादीने पान भरलं तसं त्याने बायबल उघडणं सोडलं, मग गटाला येणंही. भेटायला गेलो तर म्हणाला, "दादा, देवाचं देणं थकलंय. कुठल्या तोंडाने येऊ?" फार वाईट वाटलं. वाचनाचं वेळापत्रक माणसांनी आखलेलं असतं, त्याची थकबाकी देव मागत नाही. ते पान त्याला फाडायला लावलं आणि मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने लिहिलेली येशूची कथा, धरायला सांगितलं. रोज एक छोटा उतारा, बस्स. तो अजून वाचतोय.

माझी स्वतःची पद्धत हीच. चुकलेला दिवस सोडून द्यायचा आणि आजचं वाचायचं. मागचं भरून काढायला बसलेला माणूस वाचत नाही, उरकतो.

दुसरी चूक जास्त घातक आहे. शिस्त पाळली की देव खूश, मोडली की नाराज, असा हिशेब. लूककृत शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातल्या दाखल्यातला परुशी, म्हणजे धर्मनियम कडक पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशांश द्यायचा. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याला लोक पापी समजत. परुशाचे उपास खरेच होते, पण भरवसा त्या उपासांवर होता. उलट टोकाचेही भेटतात: "देवाची कृपा आहे ना, मग नियम कशाला?" त्यांनी तीताला पत्र 2:11-12 वाचावं. संयमाने जगायला शिकवते ती कृपाच. ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. तिथल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल खेळाडूचंच उदाहरण देतो, नाशवंत मुकुटासाठी सगळ्या बाबतींत संयम पाळणाऱ्याचं.

पहाटच हवी, हा हट्टही सोडा. बायबलमधला इसहाक संध्याकाळी शेतात मनन करायला गेला होता, दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. रात्रपाळी करणाऱ्याने दुपारी प्रार्थना केली तर बिघडलं काय?

अंथरुणात फोनवर बायबल उघडू नका. दोन वचनांनंतर मेसेज दिसतो आणि वाचन संपतं. मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो.

मोहाशी एकट्याने झगडू नका. याकोबाचं पत्र 5:16 प्रमाणे भरवशाच्या एका माणसाला सांगा, सगळ्या गटाला नको.

उपास असेल तर चेहरा पाडून हिंडू नका, मत्तय 6 मध्ये प्रभूने ते साफ सांगितलंय. आणि पहिलाच उपास लांबलचक नको. एका जेवणापासून सुरुवात करा, तो वेळ प्रार्थनेला द्या. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.