जर्मनीत शहराशहरांतून रेल्वेने फिरताना या चुका टाळा

माझी मुलगी ड्युसेलडॉर्फला राहते. तिच्याकडे जाणे-येणे सुरू झाल्यापासून जळगाव, भुसावळ आणि धुळ्याकडचे नातेवाईक व परिचित आपल्या जर्मनी प्रवासाचे आराखडे मला तपासायला पाठवतात. असे बरेच आराखडे माझ्या नजरेखालून गेले आहेत आणि प्रत्येकात त्याच चुका आढळतात. लोक विमानाच्या तिकिटासाठी महिनाभर भावांची तुलना करतात, व्हिसाच्या कागदांची फाइल दहा वेळा चाळतात, पण तेथे पोहोचल्यावर एका शहरातून दुसऱ्या शहरात कसे जायचे, याचा विचार रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलवर पाच मिनिटांत उरकतात. प्रवास बिघडतो तो तेथेच.

आठ रात्रींत सहा शहरे

परवा आलेल्या एका आराखड्यात फ्रँकफुर्टला उतरून कोलोन, हॅम्बुर्ग, बर्लिन, ड्रेस्डेन, म्युनिक आणि परत फ्रँकफुर्ट असा फेरा होता, आणि हाताशी रात्री होत्या फक्त आठ. नकाशावर हे सोपे दिसते. बर्लिन ते म्युनिक हे अंतर २०१७ च्या डिसेंबरात नवा मार्ग पूर्ण झाल्यापासून वेगवान गाडी सुमारे चार तासांत कापते, आणि कोलोन ते फ्रँकफुर्ट तर तासाभराचे काम आहे. परंतु गाडीचे चार तास हिशेबात धरताना सकाळी बॅगा भरणे, हॉटेलची खोली सोडणे, स्थानक गाठणे, फलाट शोधणे, उतरल्यावर नवे हॉटेल शोधणे आणि तेथील खोली दुपारी तीनपर्यंत मिळत नसल्याने सामान कोठे ठेवायचे ही विवंचना, यांपैकी काहीही धरलेले नसते. शहर बदलण्याचा दिवस हा पाहण्याचा दिवस नसतो, असेच मी मानतो. साठी ओलांडलेली माणसे बरोबर असतील, तर आठ रात्रींसाठी तीन शहरे पुष्कळ झाली. यावर तरुण मंडळी नाराज होतात, "इतका खर्च करून जायचे आणि तीनच शहरे पाहायची का?" असे विचारतात. मी मात्र हा सल्ला बदललेला नाही.

आठ मिनिटांत गाडी बदलणे

ही चूक मला सर्वांत अधिक खटकते. तिकीट काढताना जर्मन रेल्वेचे अ‍ॅप सर्वांत जलद मार्ग वर दाखवते, त्यात मधल्या एखाद्या स्थानकावर आठ किंवा दहा मिनिटांत गाडी बदलायची असते, आणि आपण तो डोळे झाकून निवडतो. जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. तेथील रेल्वेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांचे वक्तशीरपणाचे प्रमाण ६२.५ टक्के होते, आणि या हिशेबात सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा उशीर धरलेलाच नाही. अशा स्थितीत दोन मोठ्या बॅगा आणि गुडघे दुखणारी आई बरोबर घेऊन आठ मिनिटांत एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाण्याचा बेत आखणे, हा मला आईवरचा अन्याय वाटतो.

माझी सवय अशी आहे की शक्यतो थेट गाडीच घ्यायची, मग ती तासभर अधिक वेळ घेणारी असली तरी चालेल. थेट गाडी नसेलच, तर मध्ये किमान चाळीस मिनिटे ठेवायची. गाडी बदलण्यासाठी कमीत कमी किती वेळ हवा, हे शोध घेतानाच अ‍ॅपमध्ये ठरवता येते. ती सोय बहुतेकांनी पाहिलेलीच नसते. बदलून घ्यायची पुढची गाडी दिवसातली शेवटची असेल, तर तिच्यावर कधीच विसंबू नये.

याच्याशी जोडलेली आणखी एक चूक म्हणजे थोडे पैसे वाचवण्यासाठी एकाच प्रवासाची दोन स्वतंत्र तिकिटे काढणे. पूर्ण प्रवास एका तिकिटावर असेल आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली, तर नंतरच्या गाडीने जाण्याचा तुमचा हक्क शाबूत राहतो. मुक्कामी पोहोचण्यास एक तास उशीर झाल्यास भाड्याचा २५ टक्के आणि दोन तास झाल्यास ५० टक्के परतावाही मागता येतो. स्वतंत्र तिकिटांवर मात्र पुढची गाडी चुकण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

एकच गाडी, दोन मुक्काम

आता ज्या चुकीचा अनुभव मी स्वतः घेतला आहे तिच्याविषयी सविस्तर लिहितो. ती टाळणे अगदी सोपे आहे आणि तरीही शिकलेली माणसे तीत सापडतात.

बर्लिनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या काही वेगवान गाड्या डब्यांचे दोन संच एकमेकांना जोडून धावतात. हाम नावाच्या जंक्शनवर ते संच वेगळे होतात. एक भाग डॉर्टमुंड आणि एसेनमार्गे ड्युसेलडॉर्फकडे जातो, तर दुसरा हागेन आणि वुपरटालमार्गे कोलोनकडे वळतो. दोन्ही संचांच्या मध्ये चालकाच्या केबिन समोरासमोर असतात, त्यामुळे आतून एका भागातून दुसऱ्या भागात जाता येत नाही. धुळ्याच्या माणसाला तर हे समजावण्याचीही गरज नसावी. मुंबईच्या गाडीला लागलेले धुळ्याचे डबे चाळीसगावला निघत असत, तेव्हा चढण्यापूर्वी "हाऊ डबा धुयानाच शे ना?" असे दहा जणांना विचारून मगच आपली माणसे पाय आत टाकत. परदेशात गेल्यावर हीच चौकशी करण्याचा आपल्याला संकोच वाटतो.

२०१९ च्या जूनमध्ये मी, माझी पत्नी, धुळ्याची ताई आणि दाजी असे चौघे बर्लिनहून ड्युसेलडॉर्फला निघालो होतो. हॉटेलातून निघण्यास उशीर झाला. बर्लिनचे मुख्य स्थानक अनेक मजल्यांचे आहे. पूर्व-पश्चिम धावणाऱ्या गाड्या वरच्या मजल्यावरून सुटतात आणि उत्तर-दक्षिण गाड्या जमिनीखालच्या मजल्यावरून. आम्ही आधी खाली गेलो, मग लिफ्टने वर आलो आणि फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडी उभी होती. डबा क्रमांक पाहण्यास वेळ नव्हता. समोर जे दार दिसले त्यातून पत्नी आणि ताई चढल्या, आणि गर्दी टाळण्यासाठी मी व दाजी पुढच्या दाराने चढलो. त्या दोन दारांच्या मधोमध नेमका तो जोड होता.

गाडी सुटल्यावर आम्ही आतून त्यांच्याकडे जाऊ लागलो, तर एका बंद दारापाशी वाट संपली. फोन फक्त माझा चालू होता. चौघांचे पासपोर्ट माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते. तरीही मी दाजींना म्हणालो, "गाडी एकच आहे, उतरल्यावर भेटूच." हे वाक्य आठवले की आजही मला वाईट वाटते, कारण हानोव्हरला गाडी थांबली होती, तेथे फलाटावरून चालत जाऊन डबा बदलणे शक्य होते, आणि मी जागेवरून उठलो नाही. तपासनीसाने आमचे तिकीट पाहून दोनदा "हाम, हाम" असे सांगितले. तो पुढच्या स्थानकाचे नाव सांगत असावा असे समजून आम्ही मान हलवली. तो आम्हाला हामला डबा बदलण्यास सांगत होता.

हाम सोडल्यावर डब्यातील पडद्यावर पुढील स्थानक म्हणून हागेन दिसले, तेव्हा मला उलगडा झाला. आम्ही वुपरटालला उतरलो, नवे तिकीट काढून स्थानिक गाडी घेतली आणि सुमारे तासाभराच्या उशिराने ड्युसेलडॉर्फला पोहोचलो. माझी मुलगी फलाटावर उभी होती म्हणून दोघी सुखरूप घरी गेल्या. ताईच्या पर्समध्ये तिकिटाची छापील प्रत होती, तीच त्यांच्या उपयोगी पडली. ओळखीसाठी दाखवायला त्यांच्याजवळ काहीच नव्हते, आणि तपासनीसाने समजूतदारपणा दाखवला नसता तर दोन वयस्कर बायकांना, ज्यांना जर्मन येत नाही आणि इंग्रजी जेमतेम येते, त्या गाडीत काय सोसावे लागले असते याची कल्पना करवत नाही. ताई तो तास कशी बसून होती हे तिने मला पुढे कधीच सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी न चुकता करतो. प्रत्येकाचा पासपोर्ट प्रत्येकाच्या अंगावर असतो. प्रत्येकाकडे तिकिटाची छापील प्रत आणि एका कागदावर मुलीचा व हॉटेलचा फोन क्रमांक असतो. फलाटावर गाडीच्या वेळेपूर्वी अर्धा तास पोहोचतो. जर्मन फलाटांचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि कोणता डबा कोणत्या भागासमोर थांबणार हे फलाटावर व अ‍ॅपमध्ये दाखवलेले असते. आपल्या भागात आधीच जाऊन उभे राहतो. डब्यांचा क्रम कधी कधी उलटा लागतो, तशी सूचना आली तर लगेच दुसऱ्या टोकाला जातो. डब्यात शिरण्यापूर्वी दाराशेजारच्या पाटीवरचे शेवटच्या स्थानकाचे नाव वाचतो. इतके करूनही जवळच्या एखाद्या प्रवाशाला आपल्या स्थानकाचे नाव घेऊन विचारतो. विचारण्यात कमीपणा नाही.

काही शब्द कानाला ओळखीचे करून घ्यावेत. "ग्लाइस" म्हणजे फलाट किंवा रूळमार्ग, "फेअरश्पेटुंग" म्हणजे उशीर, आणि "फेल्ट आउस" ऐकू आले तर गाडी रद्द झाली आहे. ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा पुष्कळदा फक्त जर्मनमध्ये होते, त्यामुळे आपल्या गाडीच्या क्रमांकानंतर "ग्लाइस" आणि एखादा आकडा ऐकू आला की लगेच फलकाकडे पाहावे.

तिकीट आणि जागा

स्वस्त तिकीट ठरावीक गाडीपुरतेच चालते. सकाळी लवकर आवरले म्हणून आधीच्या गाडीत बसता येत नाही. मात्र मुक्कामी पोहोचण्यास वीस मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असे दिसले, तर हे बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते.

तिकीट काढले म्हणजे जागा मिळाली असे आपल्याकडचे लोक धरून चालतात. तेथे जागेचे आरक्षण वेगळे आणि त्याचे पैसेही वेगळे. वयस्कर माणसे बरोबर असताना ते पैसे वाचवू नयेत. आरक्षण असेल तर गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत त्या जागेवर बसावे, नंतर तिच्यावरील हक्क जातो.

जर्मनीभर चालणारा मासिक पास २०२३ च्या मे महिन्यात सुरू झाला, तेव्हापासून "पास आहे, आता कोठेही फिरू" असे सांगणारे भेटतात. हा पास शहरी वाहतूक आणि प्रादेशिक गाड्यांसाठी आहे. तो घेऊन आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत बसणे म्हणजे विनातिकीट प्रवास आहे, आणि केवळ प्रादेशिक गाड्यांनी बर्लिनहून म्युनिक गाठायचे तर सगळा दिवस त्यात जातो.

सामान प्रत्येकी एकच बॅग, आणि ती ज्याची त्याला जिन्यावरून उचलता आली पाहिजे. लिफ्ट बंद असू शकते.

रविवारी दुकाने बंद असतात, मोठ्या स्थानकांतील काही दुकाने मात्र उघडी असतात. शनिवारीच दूध, फळे आणि पाव घेऊन ठेवावे. गाडीत आपले अन्न खाण्यास आडकाठी नाही. मुलीच्या घरून निघताना आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतो आणि तेवढ्यावर चार तासांचा प्रवास आरामात होतो.

नावे आणि स्थानके

फलकावर म्युनिक दिसणार नाही, म्युन्शेन दिसेल, कोलोनऐवजी क्योल्न. फ्रँकफुर्ट नावाची दोन शहरे आहेत, एक माइन नदीवरचे आणि दुसरे पोलंडच्या सीमेवरचे ओडर नदीवरचे, त्यामुळे तिकिटावर कंसातील नदीचे नावही वाचावे. विमानतळावरचे स्थानक आणि शहराचे मुख्य स्थानक यांतही गल्लत करू नये. कोलोनच्या काही गाड्या कॅथेड्रलशेजारच्या मुख्य स्थानकावर न येता नदीपलीकडच्या डॉइट्झ येथे थांबतात.

फ्रँकफुर्टच्या मुख्य स्थानकात रूळ संपतात, म्हणून पुढे जाणारी गाडी तेथून उलट दिशेने निघते. मनमाडकडून पुण्याला जाताना दौंडला गाडीची दिशा बदललेली ज्यांनी पाहिली आहे, ते घाबरणार नाहीत. इतरांनी गाडी परत चालली असे समजून उतरू नये.

शेवटची चूक घाईचीच आहे. कोलोनहून फ्रँकफुर्टकडे जाताना सर्वजण २००२ मध्ये सुरू झालेल्या वेगवान मार्गाची गाडी घेतात, आणि त्या मार्गावर बोगदे व महामार्ग यांखेरीज पाहण्यासारखे फारसे नाही. जुना मार्ग बॉन आणि कोब्लेन्झवरून ऱ्हाईनच्या काठाकाठाने जातो. वेळ बराच जास्त लागतो, पण कोब्लेन्झनंतर द्राक्षमळ्यांचे उतार आणि टेकड्यांवरचे किल्ले एकामागून एक येत राहतात. माइन्झपर्यंतचे तिकीट या मार्गाचेच काढावे, दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताच्या खिडकीजवळ बसावे, म्हणजे नदी सतत दिसत राहते आणि पलीकडच्या काठावरचा लोरेलाय नावाचा प्रसिद्ध कडाही चुकत नाही.