आगमनकाळात घरी वचन आधी, बाकी सगळं नंतर – हे कसं जमवायचं

डिसेंबर लागला की आपल्या ख्रिस्ती घरांत काय काय सुरू होतं ते सांगायला नको. रंग काढायचा, पडदे धुवायचे, मुलांचे कपडे, फराळ, चांदणी, कॅरल पार्टी, केकची ऑर्डर. यात बायबल उघडतं कधी, तर थेट पंचवीस तारखेला चर्चमध्ये, ते पण पाळकसाहेब वाचतात आणि आपण ऐकतो. मला मनापासून वाटतं की हे बदलायला पाहिजे, आणि त्यासाठी नवीन कार्यक्रम काढायची गरज नाही. जे आपण दरवर्षी करतोच त्या प्रत्येक गोष्टीच्या आधी तिचा शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायचा, बस. आधी वाचन, मग काम. खाली क्रमाने लिहिते.

आधी तारीख आणि कॅलेंडर

आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट बघायचा काळ, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या मधला जो रविवार येईल तो. २०२६ ला तो २९ नोव्हेंबरला आहे. त्याच्या आदल्या शनिवारी सगळे घरात असतील तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा, आणि जिथे दुधाचा हिशोब आणि गॅस सिलेंडरची तारीख लिहितो त्याच चौकोनांत पेनाने त्या दिवशीचा शास्त्रभाग लिहून टाका. मुलांकडून लिहून घेतलं तर अजून चांगलं, कारण मग ती स्वतःच आठवण करून देतात. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावता येतो पण तो एकालाच दिसतो, कॅलेंडर येता-जाता सगळ्यांना दिसतं.

काय वाचायचं

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे लूक. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय २४, आणि १ डिसेंबरपासून नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत दिवसही २४, म्हणून रोज एक. काही जण म्हणतात की तिसऱ्या अध्यायातच येशू मोठा होतो मग नाताळचं काय राहिलं, पण मला हीच यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. गव्हाणीतलं बाळ पुढे कोण झालं, कोणाच्या घरी जेवायला बसलं, वधस्तंभावर का गेलं हे सगळं वाचत वाचत चोवीस तारखेला पुनरुत्थानाच्या अध्यायावर आपण पोचतो आणि मग नाताळ साजरा करतो.

घरात लहान मुलं असतील तर मात्र हे जड जाईल, नुसत्या पहिल्या अध्यायातच ८० ओव्या आहेत. त्यांच्यासाठी छोटे भाग घ्या. पहिल्या आठवड्यात संदेष्टे: यशया ९:१-७, यशया ११:१-१० (इशायाच्या बुंधाला धुमारा फुटतो ते), मीखा ५:२-५. मग यशया ४०, जखऱ्या आणि अलीशिबा (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे आईबाबा), मरीयेला गब्रीएल देवदूत भेटतो तो भाग, योसेफाचं स्वप्न. आणि मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ गाळू नका प्लीज. सगळे ती कंटाळवाणी म्हणून सोडतात, पण त्यात तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे, उरीयाची बायको आहे. एका दिवशी फक्त रूथची गोष्ट सांगा, मुलं कान देऊन ऐकतात.

भाषेचा प्रश्न येतोच. आजी-आजोबांना जुनं भाषांतर पाठ असतं, इंग्लिश मीडियमच्या नातवंडांना ते कळत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल मोठ्याने वाचायला छान आहे. आणि पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं आपलं भाषांतर मुद्दाम सोप्या मराठीत ठेवलं, खेड्यातल्या साध्या बायकांना समजावं म्हणून (ते त्यांच्या मागे १९२४ साली पूर्ण छापून आलं). तेव्हा घरातल्या सगळ्यात लहान माणसाला कळेल ते वाचावं, याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे.

मेणबत्त्या

आगमनाचं चक्र जर्मनीत हॅम्बर्गला १८३९ मध्ये योहान विखर्न नावाच्या पाळकांनी अनाथ मुलांच्या घरात सुरू केलं. नाताळ कधी, नाताळ कधी असं मुलं विचारत राहायची, म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. म्हणजे ही मुळात वाट बघायला शिकवणारी वस्तू आहे, शोभेची नाही. आपल्याकडे एखादं पितळी ताट, कडेने सुरूच्या फांद्या आणि चार मेणबत्त्या, दर रविवारी एक, एवढं पुरतं. जांभळ्या नाही मिळाल्या तर साध्या पांढऱ्या लावा.

नियम एकच: ज्याने वाचलं त्यानेच पेटवायची, आणि वाचन पूर्ण झाल्यावरच. मुलं काडेपेटीसाठी का होईना पण वाचायला पुढे येतात, येऊ देत. चार रविवारी यशया ९, यशया ४०, मरीयेचं गीत (लूक १:४६-५५), आणि शेवटी गब्रीएलचा निरोप असा क्रम ठेवता येतो. आशा, शांती, आनंद, प्रीती ही मेणबत्त्यांची नावं मंडळीमंडळीत थोडी पुढेमागे असतात, तुमच्या चर्चमध्ये जो क्रम असेल तोच घरी ठेवा. शेवटी उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एक भजन म्हणा, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं असेल तर फारच छान.

फराळाचा दिवस

हा माझ्या मते खरा मुद्दा आहे. घरातल्या बायका या महिन्यात कुठे असतात, तर किचनमध्ये, आणि कौटुंबिक प्रार्थना होते हॉलमध्ये. करंज्यांच्या दिवशी आई एक डोळा तेलावर ठेवून आमेन म्हणते. म्हणून त्या दिवशी बायबलच किचनमध्ये न्या. एक जण पारी लाटतेय, एक सारण भरतेय, कोणी कातणीने कडा कापतंय, सगळ्यांचे हात मैद्याचे, अशा वेळी ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याने (बहुतेक बाबा किंवा कॉलेजातला मुलगा) स्टूलवर बसून लूक १:३९-५६ मोठ्याने वाचायचं. हा भाग दोन गरोदर बायकांच्या भेटीचा आहे, मरीया डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते आणि साधारण तीन महिने राहते. वाचून झालं की एवढंच विचारा, त्या तीन महिन्यांत दोघी काय बोलल्या असतील? मग बघा, ज्या मावशी प्रार्थनेत कधी तोंड उघडत नाहीत त्यासुद्धा बोलायला लागतात, पहिल्या बाळंतपणापासून सगळं निघतं. उत्तर बरोबर की चूक हे ठरवत बसू नका. तळण सुरू व्हायच्या आधी वाचा, नंतर लक्ष लागत नाही.

चांदणी आणि गोठा

चांदणी लावायच्या आधी मत्तय २:१-१२ वाचा आणि मुलांना शोधायला सांगा की मागी लोक (तारा बघून पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक) तीन होते असं कुठे लिहिलंय. कुठेच नाही, भेटवस्तू तीन आहेत. शिवाय ते गोठ्यात नाही, घरात गेले असं मत्तय म्हणतो. म्हणून घरात येशूजन्माचा गोठा मांडताना मागी लोकांना लांब ठेवा, फ्रिजवर किंवा पुस्तकांच्या कपाटावर, आणि रोज थोडं पुढे सरकवत आणा. बैल आणि गाढव पण लूकमध्ये नाहीत, ते यशया १:३ मध्ये भेटतात, तो भाग वाचून मग ते मांडा. आणि बाळाची मूर्ती कपाटात राहू द्या. चोवीसच्या रात्री लूक २:७ वाचलं की घरातल्या सगळ्यात लहान मुलाने ती गव्हाणीत ठेवायची.

कॅरल पार्टी आली तर

रात्री अकराला दहा-पंधरा जण येतात, गिटार, ढोलक, चहा, घाई. लूक २:८-१४ वाचायला मिनिट पण लागत नाही. यजमानांनी वाचावं, मग गाणी. तरुण संघाने हे आधीच ठरवून घेतलं तर प्रत्येक घरात होतं.

दिवस चुकला तर

चुकणारच. कोणाची नाईट ड्युटी, कोणाची परीक्षा. राहिलेले तीन अध्याय एका बैठकीत उरकू नका, त्याने मुलांना वाचनाचाच कंटाळा येतो. आजची तारीख बघा आणि आजचाच भाग वाचा. मुलगा-सून दुबईला किंवा अमेरिकेत असतील तर आजोबांच्या आवाजात शास्त्रभाग रेकॉर्ड करून फॅमिली ग्रुपवर टाका. त्यांनी वाचताना मध्येच खोकलं तरी कट करू नका, तसाच पाठवा.

पंचवीसला सकाळी आवराआवर, चर्च, पाहुणे, त्यामुळे योहान १:१-१४ आदल्या रात्रीच वाचून घ्या आणि प्रेझेंट त्याच्यानंतर उघडा. गोठा लगेच आवरू नका. ६ जानेवारीला मागी लोक गव्हाणीपाशी पोचले की मत्तय २ पुन्हा काढा, पण यावेळी बाराव्या ओवीवर थांबू नका, हेरोद राजा आणि येशूच्या कुटुंबाचं मिसर देशात पळून जाणं पण वाचा. मुलं त्यावर प्रश्न विचारतील, त्या संध्याकाळी थोडा वेळ हाताशी ठेवा.